रोमन कायदा आणि विधी-इतिहासावरील पीएच.डी. प्रबंध पूर्णत्वास कसा न्यावा

रोमन कायद्यावरचा प्रबंध रखडतो तो बहुधा वाचन संपत नाही म्हणून. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने ट्रिबोनियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संकलित केलेला ‘डायजेस्ट’, म्हणजे रोमन विधिज्ञांच्या ग्रंथांतील उताऱ्यांचा संग्रह, इ. स. ५३३ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे २,००० पुस्तकांतल्या ३० लाख ओळींतून निवड करून आपण दीड लाख ओळी ठेवल्या, असे जस्टिनियनने स्वतःच सांगून ठेवले आहे. दीड लाख ओळी एका अभ्यासकाला काही वर्षांत वाचून होतात. परंतु त्या ओळींवर बाराव्या शतकापासून इटलीतील बोलोन्याच्या आचार्यांनी टिपा लिहिल्या, तेराव्या शतकात आक्कुर्सियसने त्या टिपा एका प्रमाणभूत भाष्यात गुंफल्या, चौदाव्या शतकात बार्टोलसने, सोळाव्यात कुजासने आणि एकोणिसाव्यात साव्हिन्यी व त्याच्या अनुयायांनी त्यांवर पुन्हा लिहिले, आणि १ जानेवारी १९०० रोजी जर्मन नागरी संहिता अमलात येईपर्यंत जर्मनीच्या बऱ्याच भागात हा कायदा न्यायालयांत प्रत्यक्ष चालत होता. हे सारे वाचून मग लिहायला बसू, असे ज्याने ठरवले त्याचा प्रबंध होत नाही. म्हणून या लेखात मी एकच गोष्ट निरनिराळ्या टप्प्यांवर सांगणार आहे: आपल्या प्रबंधाची हद्द मूळ उताऱ्यांनी आखावी, आणि त्या उताऱ्यांचे स्वतः केलेले विवेचन हाच प्रबंधाचा कणा मानावा.

विषयातून प्रश्न काढणे

‘रोमन कायद्यातील विक्रीचा करार’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. ‘विक्रीतील किंमत पैशांतच असावी लागते, हे मत रोमन विधिज्ञांत कोणत्या कारणांनी मान्य होत गेले?’ हा प्रश्न आहे. प्रश्न तयार झाला की नाही हे ओळखण्याच्या दोन कसोट्या मी वापरतो. पहिली अशी की त्याचे उत्तर अभ्यासाअंती आपल्या अपेक्षेच्या उलट निघू शकले पाहिजे. दुसरी अशी की त्या प्रश्नासाठी अपरिहार्य असलेले मूळ उतारे एका कागदावर लिहून काढता आले पाहिजेत. पंचवीस ते चाळीस उतारे ही माझ्या मते निभावण्याजोगी संख्या आहे. शंभराच्या पुढे यादी गेली तर प्रश्न फार रुंद आहे, आणि पाच-सहावरच थांबली तर त्यातून एक चांगला शोधनिबंध होईल, प्रबंध होणार नाही.

प्रश्न निवडताना तो कोणत्या काळाचा आहे हेही पहिल्याच महिन्यात ठरवावे. इसवी सनाच्या पहिल्या अडीच शतकांतील विधिज्ञांनी एखादा नियम कसा घडवला, हा एक प्रकार झाला. सहाव्या शतकातील संकलकांनी त्याचे काय केले, हा दुसरा. मध्ययुगीन किंवा आधुनिक युरोपातील कायदेपंडितांनी त्याच मजकुरातून काय काढले, हा तिसरा. हे तीन प्रकार जवळचे वाटले तरी त्यांची पूर्वतयारी वेगळी आहे. पहिल्यासाठी लॅटिन आणि विखुरलेल्या उताऱ्यांवरून मूळ ग्रंथाची पुनर्रचना समजणे पुरते. दुसऱ्यासाठी ग्रीकही लागते, कारण थिओफिलसने केलेला जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या पाठ्यपुस्तकाचा ग्रीक अनुवाद आणि इ. स. ९०० च्या सुमाराचा ‘बॅसिलिका’ हा ग्रीक कायदेसंग्रह यांना टाळता येत नाही. तिसऱ्यासाठी हस्तलिखितांतील संक्षेपचिन्हे वाचण्याचे शिक्षण घ्यावे लागते. एका प्रबंधाने एकाच प्रकारात मुक्काम करावा आणि दुसऱ्या प्रकारासाठी फार तर एक प्रकरण द्यावे. मार्गदर्शकाशी होणाऱ्या पहिल्या गंभीर चर्चेचा हाच मुद्दा असावा, कारण ही निवड तिसऱ्या वर्षी बदलणे फार महागात पडते.

भाषा

याबाबत सवलत मागू नये. लॅटिनशिवाय हा अभ्यास होत नाही, आणि जर्मन व इटालियन वाचता आल्याशिवाय तो पूर्ण होत नाही, कारण गेल्या दीडशे वर्षांतले निर्णायक लेखन मोठ्या प्रमाणावर याच दोन भाषांत आहे. दिलासा इतकाच की रोमन विधिज्ञांचे लॅटिन शब्दसंपत्तीने मर्यादित आणि रचनेने नियमित आहे. सुरुवात गायसच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ने करावी. इसवी सन १६० च्या आसपास लिहिलेले हे विद्यार्थ्यांचे पाठ्यपुस्तक आहे, आणि प्राचीन काळातील विधिज्ञांच्या ग्रंथांपैकी जवळजवळ संपूर्ण स्वरूपात आपल्यापर्यंत आलेले तेच एक आहे. त्यानंतर डायजेस्टचा एखादा विभाग आठवड्याला थोडाथोडा, मोठ्याने वाचत पुढे न्यावा. १९८५ मध्ये अ‍ॅलन वॉटसन यांच्या संपादनाखाली डायजेस्टचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. तो आपला अनुवाद झाल्यावर पडताळ्यासाठी उघडावा, आधी नव्हे. जर्मनमध्ये बोलता येण्याची गरज नाही. एक लेख शब्दकोशासह आठवड्यात वाचून होईल इतकी तयारी पहिल्या वर्षाअखेर झाली तरी काम भागते.

स्रोतवही

उताऱ्यांची यादी तयार होताच प्रत्येक उताऱ्याला एक स्वतंत्र पान देणारी वही किंवा फाइल सुरू करावी. मी तिला स्रोतवही म्हणतो. यादी तयार करताना रोमन विधिज्ञांच्या शब्दांचा कोश, म्हणजे ‘वोकाबुलारियुम युरिस्प्रुदेन्तिए रोमाने’, आणि संगणकीय शोध ही दोन्ही साधने वापरावीत. मात्र शब्द शोधल्याने फक्त शब्द सापडतो. जिथे विधिज्ञ तो शब्द न उच्चारता त्याच प्रश्नाची चर्चा करतो, तो उतारा केवळ विभाग सलग वाचूनच हाती लागतो. म्हणून आपल्या विषयाचे दोन-तीन विभाग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावेत.

संदर्भ लिहिण्याची पद्धत सुरुवातीलाच पक्की करावी, कारण यातले घोटाळे शेवटी निस्तरताना जीव मेटाकुटीला येतो. डायजेस्टची ५० पुस्तके आहेत. पुस्तक, विभाग, उतारा आणि परिच्छेद असे चार आकडे क्रमाने लिहितात. उताऱ्याच्या पहिल्या परिच्छेदाला ‘प्रिन्किपियुम’ म्हणतात आणि क्रमांक १ त्यानंतर सुरू होतो, त्यामुळे ज्याला परिच्छेद १ म्हणतात तो वस्तुतः दुसरा असतो. ३० ते ३२ या तीन पुस्तकांत मृत्युपत्रातील देणग्यांचा एकच सलग विषय असल्याने तेथे विभागाचा आकडा नसतो. काही विभागांत आवृत्त्यांमध्ये उताऱ्यांचे क्रमांक एकाने पुढेमागे आहेत. अशा ठिकाणी दोन्ही क्रमांक नोंदवावेत. मध्ययुगीन लेखक तर आकडे देतच नाहीत. ते उताऱ्याचे पहिले शब्द आणि विभागाचे संक्षिप्त नाव देतात, आणि डायजेस्टसाठी दोन एफ अक्षरे जोडून केलेले चिन्ह वापरतात. मी एकदा दुय्यम ग्रंथातून उचललेला चुकीचा क्रमांक तपासल्याशिवाय तीन प्रकरणांत वापरला होता, आणि तो उतारा मुळात वेगळ्याच विधिज्ञाचा निघाल्यावर त्या प्रकरणांतली मांडणीच बदलावी लागली. तेव्हापासून मूळ आवृत्ती उघडल्याशिवाय मी एकही आकडा उतरवून घेत नाही.

डायजेस्टसाठी मॉम्सेनची आवृत्ती प्रमाण मानली जाते. १८६८ ते १८७० मध्ये निघालेल्या तिच्या मोठ्या आवृत्तीत पाठभेद सविस्तर दिले आहेत. सहाव्या शतकात लिहिलेले आणि १४०६ मध्ये पिसाहून फ्लॉरेन्सला नेलेले हस्तलिखित हा तिचा मुख्य आधार आहे. ज्या उताऱ्यावर आपला युक्तिवाद उभा आहे, त्याचे पाठभेद या मोठ्या आवृत्तीतच पाहावेत.

एक उतारा जवळून

स्रोतवहीतले एक पान कसे भरावे हे प्रत्यक्ष दाखवतो. डायजेस्टच्या अठराव्या पुस्तकातला पहिला विभाग विक्रीच्या कराराचा आहे आणि त्याचा पहिलाच उतारा पॉलस या विधिज्ञाचा आहे. सर्वप्रथम उताऱ्याच्या डोक्यावरची ओळ वाचायची: पॉलस, प्रीटरच्या (न्यायदान पाहणाऱ्या रोमन अधिकाऱ्याच्या) जाहीरनाम्यावरील भाष्य, पुस्तक ३३. घाईत असलेला अभ्यासक ही ओळ ओलांडून जातो, आणि तिथेच नुकसान होते. ही ओळ सांगते की हा मजकूर तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि न्यायालयात कोणते दावे चालतील हे सांगणाऱ्या जाहीरनाम्यावरच्या भाष्यातून तो घेतला आहे. पुढची पायरी म्हणजे लेनेलचा १८८९ मधला ‘पालिंगेनेसिया’ हा दोन खंडांचा ग्रंथ उघडणे. डायजेस्टमध्ये विखुरलेले उतारे लेनेलने पुन्हा ज्याच्या त्याच्या मूळ पुस्तकात नेऊन लावले. पॉलसच्या तेहतिसाव्या पुस्तकाखाली आपल्या उताऱ्याचे मूळचे शेजारी भेटतात, आणि तेही विक्री व तीवरच्या दाव्यांसंबंधी बोलतात असे दिसते. म्हणजे येथे उतारा मूळ विषयापासून दूर नेलेला नाही. दर वेळी असे होत नाही. शेजारी वेगळेच निघाले, तर संकलकांनी वाक्य एका संदर्भातून उचलून दुसऱ्यात बसवले असल्याची शक्यता धरून पुढे जावे लागते.

आता मजकूर. पॉलस म्हणतो की खरेदी-विक्रीचा उगम वस्तुविनिमयात आहे. पूर्वी नाणे नव्हते, एक वस्तू ‘माल’ आणि दुसरी ‘किंमत’ असा भेद नव्हता, प्रत्येक जण आपल्याला निरुपयोगी वस्तू देऊन उपयोगी वस्तू घेत असे. मग तो प्रश्न मांडतो: मी तुला टोगा दिला आणि बदल्यात ट्युनिक घेतले (दोन्ही रोमन वस्त्रे), तर ही आज विक्री म्हणावी का? आधीच्या विधिज्ञांपैकी सॅबिनस आणि कॅसियस यांच्या मते ही विक्री आहे, नेर्वा आणि प्रोक्युलस यांच्या मते हा विनिमय आहे. सॅबिनस होमरचा दाखला देतो. ट्रॉयसमोरच्या छावणीत अकियन, म्हणजे ग्रीक, सैनिकांनी कासे, लोखंड, कातडी, गुरे आणि गुलाम देऊन मद्य विकत घेतले, असे ‘इलियड’मध्ये आहे. पॉलस मात्र नेर्वा आणि प्रोक्युलस यांचे मत अधिक खरे ठरवतो, आणि त्याचे कारण असे देतो की विकणे वेगळे व विकत घेणे वेगळे, विक्रेता वेगळा व ग्राहक वेगळा, तशीच किंमत वेगळी आणि माल वेगळा, परंतु विनिमयात कोण ग्राहक आणि कोण विक्रेता हे ओळखता येत नाही.

वाचून झाल्यावर स्वतःला विचारायचे: हा वाद निव्वळ शब्दांचा आहे का? नाही. विक्रीचा करार केवळ संमतीने बंधनकारक होतो. विनिमय मात्र एका पक्षाने वस्तू दिल्यावरच दुसऱ्याला बांधतो, आणि हे पॉलसच डायजेस्टच्या एकोणिसाव्या पुस्तकातील विनिमयाच्या विभागात सांगतो. म्हणजे टोगा देण्याचे नुसते कबूल करून ऐनवेळी मागे फिरणाऱ्यावर दावा चालेल की नाही, हे या वादाच्या निकालावर अवलंबून होते. हा व्यवहारातला परिणाम सापडेपर्यंत उताऱ्याचे विवेचन पूर्ण झाले असे समजू नये. परीक्षकाचा पहिला प्रश्न हमखास याच जागी येतो.

त्यानंतर समांतर मजकूर. गायस आपल्या तिसऱ्या पुस्तकाच्या १४१व्या परिच्छेदात हाच वाद सांगतो, परंतु सॅबिनसच्या पक्षाचा उल्लेख तो ‘आमचे गुरुजन’ असा करतो आणि वाद अजून चालू असल्याप्रमाणे लिहितो. जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’मध्ये, म्हणजे इ. स. ५३३ मध्ये, प्रोक्युलसचे मत योग्यच वरचढ ठरले असे म्हटले आहे, आधीच्या सम्राटांनीही ते स्वीकारल्याची नोंद आहे, आणि अधिक विस्तारासाठी डायजेस्टकडे बोट दाखवले आहे. हे तीन मजकूर एकाखाली एक ठेवले की दुसऱ्या शतकाचा मध्य, तिसऱ्याची सुरुवात आणि सहावे शतक असे तीन थांबे मिळतात. गायस आणि पॉलस यांच्या दरम्यान नेमके काय बदलले, हा प्रश्न आता आपोआप पुढे येतो. आधीच्या सम्राटांचे निर्णय कोणते, हे ‘कोडेक्स’ या सम्राटांच्या कायद्यांच्या संग्रहाच्या चौथ्या पुस्तकातील विनिमयाच्या विभागात, विशेषतः सम्राट डायोक्लेशियनच्या काळी अर्जांना दिलेल्या उत्तरांत शोधावे लागते, आणि स्रोतवहीत पुढचे पान तयार होते.

एवढे झाल्यावर, आणि त्याआधी नाही, आधुनिक अभ्यासकांचे लेख वाचायला घ्यावेत. स्वतःचे दोन-तीन पानांचे विवेचन हातात असताना दुसऱ्याचे मत वाचले तर आपण त्याच्याशी सहमत किंवा असहमत होऊ शकतो. हात रिकामे असताना वाचले तर आपण फक्त त्याची री ओढतो. माझ्या पाहण्यातले अर्धवट राहिलेले बहुतेक प्रबंध या क्रमाच्या उलटापालटीमुळे राहिले आहेत.

प्रक्षेपांचा प्रश्न

जस्टिनियनने ५३० मध्ये संकलकांना काम सोपवतानाच जुन्या मजकुरात बदल करण्याचा अधिकार दिला होता. त्यामुळे डायजेस्टमध्ये पॉलसच्या नावावर असलेले वाक्य पॉलसचेच आहे असे गृहीत धरता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही दशके अभ्यासकांनी प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घातलेली, वाक्ये हुडकण्याचा ध्यास घेतला, इतका की शैली जरा खटकली तरी वाक्य बाद होऊ लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासक या टोकापासून मागे आले. आजच्या प्रबंधलेखकाने दोन्ही चुका टाळायच्या आहेत: संशयाला पुरावा समजणे ही एक, आणि संशयच न घेणे ही दुसरी.

पुरावा म्हणजे काय, हे एका उदाहरणाने कळते. विकत घेतलेल्या वस्तूवर तिसऱ्याच माणसाने मालकीचा दावा लावला आणि ग्राहकाने अजून पैसे दिलेले नाहीत, तर त्याला पैसे देणे भाग आहे का? पापिनियन या विधिज्ञाचे उत्तर दोन ठिकाणी टिकले आहे. व्हॅटिकनच्या ग्रंथालयात १८२१ मध्ये सापडलेल्या, जस्टिनियनपूर्व काळातील संग्रहाचा बारावा परिच्छेद सांगतो की कितीही भक्कम जामीनदार पुढे केले तरी ग्राहकाला पैसे देण्याची सक्ती होणार नाही. डायजेस्टच्या १८.६.१९.१ मध्ये तोच पापिनियन सांगतो की योग्य जामीनदार दिले नाहीत तर सक्ती होणार नाही. एका छोट्या जोडशब्दाच्या बदलाने नियम नेमका उलटला आहे. इतका ठोस पुरावा क्वचित मिळतो, म्हणून पुराव्याच्या पायऱ्या मनात ठेवाव्यात. जस्टिनियनपूर्व समांतर मजकूर सर्वांत बळकट. त्यानंतर, जस्टिनियनच्या काळी मोडीत निघालेल्या संस्थेच्या खुणा येतात. हस्तांतरणाचा ‘मान्किपातिओ’ हा जुना विधी काढून तिथे साधा ताबा देण्याचा शब्द घातला जाणे किंवा ‘फिदुकिया’ या जुन्या तारणाच्या जागी साधे गहाण येणे ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. केवळ शैलीवरून काढलेला निष्कर्ष सर्वांत दुबळा, आणि प्रबंधातला एखादा मुख्य मुद्दा अशा निष्कर्षावर उभा करू नये.

डायजेस्टबाहेरचे साहित्य

विधिज्ञ काय म्हणाले एवढ्याने लोक काय करत होते हे कळत नाही. १९५९ मध्ये पॉम्पेईजवळ सापडलेल्या मेणपाट्यांत कर्ज, जामीन आणि लिलाव यांचे खरेखुरे दस्त आहेत, १९६१ मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहेतून बाबाथा या स्त्रीची कागदपत्रे मिळाली, आणि १९८१ मध्ये स्पेनमध्ये इर्नी या नगराच्या कायद्याचे कांस्यपट सापडले. आपला प्रश्न प्रक्रियेचा किंवा व्यापारी व्यवहाराचा असेल तर यांपैकी काही वाचणे बंधनकारक समजावे. प्रश्न निव्वळ सिद्धान्ताचा असेल तर शोभेसाठी त्यांचा उल्लेख करू नये.

दुय्यम साहित्य आटोक्यात ठेवणे

सर्वांत अलीकडच्या, आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळच्या दोन-तीन अभ्यासांपासून सुरुवात करून तळटिपांच्या वाटेने मागे जावे. १८८० पासून चालू असलेल्या साव्हिन्यी प्रतिष्ठानच्या नियतकालिकाचा रोमन विभाग, तसेच ‘यूरा’, ‘लाबेओ’ आणि नेदरलँड्समधून निघणारे विधी-इतिहासाचे ‘टाइडस्क्रिफ्ट’ यांची वार्षिक अनुक्रमणिका चाळण्यास काही दिवसच लागतात, आणि त्यातून या विषयावरचे बरेच लेख हाती लागतात. वाचलेल्या प्रत्येक लेखाची नोंद स्रोतवहीत त्या त्या उताऱ्याच्या पानावरच करावी, लेखकाच्या नावाने वेगळी फाइल करू नये. असे केल्याने एखाद्या उताऱ्यावर कोण काय म्हणाले हे एका जागी दिसते आणि ज्या लेखात आपल्या यादीतला एकही उतारा चर्चिलेला नाही, तो लेख फारसा उपयोगाचा नाही हेही लगेच कळते.

प्रकरणे लिहिणे

पहिले लिहायचे ते मधले प्रकरण, म्हणजे ज्याचे उतारे सर्वांत नीट समजले आहेत ते. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी. विद्यापीठाला आराखडा द्यावा लागतो तो द्यावा, पण त्यातली प्रस्तावना पुढे तशीच राहील अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रत्येक मुख्य उताऱ्यासाठी प्रबंधात लॅटिन मजकूर, त्याखाली प्रबंधाच्या भाषेतला स्वतःचा अनुवाद, मग घटनेचे आणि कायदेशीर प्रश्नाचे थोडक्यात कथन, विधिज्ञाचे उत्तर, त्याने दिलेले किंवा गृहीत धरलेले कारण, आणि त्यानंतरच आधुनिक मतांचा परामर्श, हा क्रम वाचकाला सोयीचा पडतो. अनुवाद करताना आजच्या कायद्यातला शब्द सहज हातात येतो आणि तोच घातक ठरतो. ‘करार’, ‘मालकी’, ‘ताबा’ हे शब्द वापरावेच लागतात, परंतु रोमन विधिज्ञाला त्यांत अभिप्रेत असलेला फरक पहिल्याच वापराच्या वेळी स्पष्ट करून ठेवावा, आणि जिथे शब्द अर्थ बिघडवतो तिथे मूळ संज्ञा तशीच ठेवावी. एकदा निवडलेला प्रतिशब्द प्रबंधभर बदलू नये. लालित्यासाठी पर्यायी शब्द वापरण्याची सवय कायद्याच्या लेखनात अर्थाचा गोंधळ करते.

उतारे एकामागून एक मांडले की प्रकरण झाले, असेही नाही. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एका परिच्छेदात त्या प्रकरणाचा दावा लिहावा आणि एखाद्या उताऱ्याने तो दावा पुढे सरकत नसेल तर तो उतारा, कितीही रोचक असला तरी, तळटिपेत किंवा परिशिष्टात न्यावा. आपल्या दाव्याविरुद्ध जाणारा उतारा मात्र कधीही तळटिपेत दडवू नये. त्याला स्वतंत्र विभाग द्यावा आणि तिथे आपला दावा जेवढा मऊ करावा लागेल तेवढा करावा. अनुभवी परीक्षक सर्वप्रथम हाच उतारा शोधतो, आणि तो मोकळेपणाने चर्चिलेला आढळला की उरलेल्या प्रबंधावरही त्याचा विश्वास बसतो.

मार्गदर्शकाला संपूर्ण प्रकरण होईपर्यंत थांबून पाठवू नये. दोन उताऱ्यांचे विवेचन झाले की पंधरा-वीस पाने पाठवावीत, आणि सोबत एक-दोन नेमके प्रश्न विचारावेत, उदाहरणार्थ ‘या ठिकाणी प्रक्षेपाचा पुरावा पुरेसा वाटतो का?’ असे. ‘कसे वाटले?’ या प्रश्नाला उपयोगी उत्तर मिळत नाही. मतभेद झाला तर आपली बाजू पुन्हा उताऱ्यावर नेऊन तपासावी, कारण या विषयात पदाने मोठा असलेल्याचे मतही एका क्रियापदाच्या रूपापुढे टिकत नाही, आणि आपलेही टिकत नाही.

शेवटचे सहा महिने

या टप्प्यावर स्रोतयादी बंद करावी. नवा लेख प्रसिद्ध झाला आणि तो थेट आपल्या प्रश्नावर असला तरच वाचावा, आणि त्याची दखल एका तळटिपेत घ्यावी. मग तीन वाचने वेगवेगळी करावीत. पहिल्यात फक्त युक्तिवाद पाहावा: प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचत गेले तरी धागा लागतो का? दुसऱ्यात फक्त मूळ संदर्भ आणि लॅटिन अवतरणे आवृत्ती समोर ठेवून अक्षरशः ताडून पाहावीत. हे काम कंटाळवाणे आहे, ते दुसऱ्या कोणावर सोपवू नये. तिसऱ्यात तळटिपा आणि संदर्भसूची. दुसऱ्याच्या लेखातून घेतलेले मूळ संदर्भ आपण स्वतः पाहिलेले नसतील तर तसे नमूद करावे किंवा ते काढून टाकावेत. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या प्रणालीत दीर्घ लॅटिन अवतरणे साम्य म्हणून दिसतात, म्हणून प्रबंध सादर करण्याच्या आधी याबाबत विद्यापीठाच्या कार्यालयाशी बोलून ठेवावे.

मौखिक परीक्षेसाठी सारांश पाठ करण्याऐवजी आपल्या यादीतले दहा महत्त्वाचे उतारे कोऱ्या प्रतीवरून, टिपांशिवाय, लॅटिनमधून थेट समजावून सांगण्याचा सराव करावा. परीक्षक बहुधा उताऱ्यावरच बोट ठेवतात आणि विचारतात की हे वाक्य दुसऱ्या रीतीने लावता येणार नाही का. लावता येत असेल तर ‘येते’ म्हणावे, आणि तरीही आपण पहिली रीत का पत्करली हे सांगावे.

परीक्षेनंतर सुचवलेल्या दुरुस्त्या क्रमवार लिहून, प्रत्येकीपुढे केलेला बदल आणि पान क्रमांक नोंदवून तो तक्ता अंतिम प्रतीसोबत द्यावा. राहिलेले शेवटचे काम म्हणजे स्रोतसूची, अर्थात कोणता उतारा प्रबंधात कोणत्या पानावर चर्चिला आहे याची अनुक्रमणिका. या क्षेत्रातले वाचक पुष्कळदा प्रबंध मागून उघडतात आणि या सूचीतून आपल्याला हव्या त्या उताऱ्यावर सरळ जातात, म्हणून केवळ उल्लेख असलेली पाने साध्या आकड्यांत आणि सविस्तर विवेचनाची पाने ठळक आकड्यांत द्यावीत. पानांचे क्रमांक पूर्णपणे पक्के झाल्यावरच ही सूची करायला घ्यावी, आणि ती झाल्यानंतर मजकुरातली एक ओळही हलवू नये.